दुखणं झोपवणारा फुगा

मी एक जुना फुगा आहे, मित्रांनो. हसू नका. जत्रेतला नव्हे. माझ्या पोटात हवा नाही, औषध भरतात. कारखान्यात जाड रबरापासून मला घडवलं आणि फिनलंडमधल्या एका लहानशा इस्पितळात वेइक्कोच्या कमरेला बांधलं.

वेइक्को म्हणजे जंगलात झाडं तोडण्यात जन्म गेलेला गडी. त्याच्या उजव्या जांघेत हर्निया झाला होता. डावीकडचा पूर्वी शिवला, तेव्हा दुखण्यापायी त्याला खोकतासुद्धा येईना, आणि गोळी घेतली की उलटी. त्यामुळे या खेपेला गडी तयारच होईना. मग डॉक्टरीणबाईंनी माझी हमी देऊन त्याला राजी केलं, ऑपरेशन करून जखमेत बारीक नळी ठेवली आणि तिचं दुसरं टोक मला जोडलं. मी हळूहळू आकसायचो आणि बधिर करणारं औषध थेंबाथेंबानं थेट जखमेत जायचं.

शुद्धीवर आल्यावर वेइक्को भीत भीत खोकला. थांबला. परत खोकला.

तो बायकोला, आइलाला, म्हणाला, "यांनी कापलंय ना नक्की?"

एवढं कौतुक! मी तर भरून पावलो.

घरी आलो आणि शनिवार उजाडला. शनिवारी सौनाची लाकडी खोली तापवायची, आत बसून घाम काढायचा, हे ठरलेलंच. गडी निघाला की बादल्या घेऊन तळ्यावर! भरल्या, आणि उचलायला वाकला. दुखणं मी झोपवलं होतं, पण टाके अजून कच्चेच होते.

"ठेव खाली!" आइला पायरीवरून कडाडली.

"अगं, दुखत नाही मला."

"तो फुगा राबतोय म्हणून दुखत नाही! टाके उसवले तर परत टेबलावर झोपशील. आणि सौनाच्या उष्णतेनं औषध भसाभस सुटेल, नर्सनं बजावलंय ना?"

"आजवर एक शनिवार चुकला नाही माझा."

"आज चुकेल. मीही जात नाही. बस इथं."

बसला बापडा, फुरंगटून. सौनाच्या धुराड्यातून धूर दिसेना, तसा पलीकडच्या काठावरचा शेजारी पेन्त्ती होडी वल्हवत आला.

"कोण गेलं?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"माझी अक्कल गेली होती," वेइक्को म्हणाला. "आली परत. कॉफी घे."

पुढं औषध संपलं, मी सुरकुतलो. नर्सनं नळी अलगद काढली. जखम कोरडी, टाके जागच्या जागी. आमच्यासारख्या रिकाम्या फुग्यांची जागा खरं तर कचऱ्यात. पण वेइक्कोनं मला मागून घेतलं, तळहातावर धरलं, "झकास राबलास रे बाबा" म्हणाला आणि मासे धरायच्या गळांच्या डब्यात ठेवलं. त्याचे उपकार आहेतच. आइलाचे त्याहून जास्त. तिनं हटकलं नसतं तर माझ्या कामाची माती झाली असती.

तर मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचं असं ऑपरेशन झालं आणि तो म्हणाला, "आता काही दुखत नाही," तर त्याच्यासंगं खुशाल हसा. पण जड काही उचलू देऊ नका. चिडेल, फुगून बसेल. बसू दे.