घंटेतलं गवत

मी घंटा बोलतेय. देवळातली नव्हे आणि शाळेतलीही नव्हे, घोड्याच्या गळ्यातली. आणि आधीच सांगते, मला जीभ नाही. आत लोलक असायचा ती जागा रिकामी आहे. जीभ होती तेव्हा मला एकच शब्द येत होता. ती गेली आणि मग सगळं आठवायला लागलं.

माझा जन्म करवतीच्या पात्यातून झाला. निलगिरीचे थोराड बुंधे कापून कापून दमलेली, मधोमध तडकलेली करवत होती ती. टोबायस पेंगेली नावाच्या लोहारानं तिचा तुकडा तापवून वाकवला, कडेनं रिव्हिटा मारल्या, आत लोखंडाची जीभ टांगली आणि मला कानाशी धरून वाजवलं.

"जन्मभर कापत आलीस," तो म्हणाला, "आता जरा हाका मार."

चांगलं बोलला बिचारा. पण जात कुठं जाते?

मला विकत घेतलं ट्वोमीनं. हा आयर्लंडहून बोटीनं आलेला माणूस. डोंगराच्या पायथ्याशी रान तोडून त्यानं बटाटे लावले होते. घरात बायको होनोरा आणि मुलगा कॉर्नेलियस. त्याला सगळे कॉन म्हणायचे. तांबडी घोडी होती, फ्लोरी नावाची. तिच्या गळ्यात मी पडले.

त्या मुलखात कुंपण थोडं आणि रान अफाट. घोडं चरायला सोडलं की सकाळी ते कुठल्या दरीत आहे हे घंटेनंच कळायचं. पण स्वार पाठीवर असताना घंटेची कटकट कोणाला हवी? म्हणून निघताना माझ्या पोटात मूठभर गवत कोंबायचं, आणि खोगीर उतरवलं की पहिल्यांदा ते गवत काढायचं. हे विसरला तो माणूस सकाळी पायी हिंडला म्हणून समजा. पाणी पिण्याआधी, स्वतःचे बूट काढण्याआधी हात घंटेत जायचा.

शेजारच्या लॉलरांचा ऑगस्टिन, म्हणजे गस, कॉनच्या बरोबरीचा. बटाटे काढायला यायचा आणि जेवायलाही इथेच. एकदा तो गवत काढायला विसरला आणि घोडी दोन डोंगर पलीकडे गेली. ट्वोमीनं त्याच्या मुस्काटात दिली.

"अरे गाढवा, जनावर मुकं सोडलंस? घोडी कुणाचीही असो, गवत दिसलं की आधी काढायचं. लक्षात राहील ना?"

"राहील काका," गस गाल चोळत म्हणाला.

राहिलं. देवा, किती राहिलं.

ट्वोमी झाडाखाली सापडून गेला. गस मोठा होऊन पोलिसात शिरला. कॉन हसला होता त्याला, "टोपी छान आहे रे, डोकं कुणाचं बसवलंस आत?" गसही हसला. दोस्ती होती.

पुढे खालच्या सपाटीवरच्या मेंढीवाल्या जमीनदारानं गरिबांची गुरं कोंडवाड्यात घालायचा सपाटा लावला. जनावर त्याच्या हद्दीत गेलेलं असो वा नसो, त्याची माणसं हाकून न्यायची. फ्लोरीला असं पुन्हा पुन्हा नेलं. शेवटच्या खेपेला कॉननं भरदुपारी कोंडवाड्याची आडवी लाकडं तोडली आणि तिला बाहेर काढलं. रखवालदार लगामाला झोंबला. कॉनच्या हातात घोडीच्या गळ्यातून सोडलेला माझा पट्टा होता, तो त्यानं रागानं फिरवला, आणि माझ्या कडेनं त्या माणसाचा डोळा गेला.

करवतीची जात ती.

तिथून पोराचं पाऊल घसरत गेलं. तो डोंगरात पळाला, आणखी दोघांना जाऊन मिळाला, टपालाची गाडी लुटली. होनोरा कधी म्हणाली नाही की माझं लेकरू निष्पाप आहे. ती एवढंच म्हणायची, "चोर असेल, पण भुकेला आहे." सरकारनं मात्र दवंडी पिटली की दिसेल तिथं गोळी घाला.

मग मायलेकांनी एक खूण ठरवली. फ्लोरी ओढ्याकाठी चरत असायचीच. घंटा वाजत असली तर घरी परकं कुणी नाही, यायला हरकत नाही. घंटा मुकी असली तर पोलीस आहेत, मागे फिर. सार्जंट व्हिकरी कितीदा धाड घालून गेला, कॉन त्याला एकदाही गवसला नाही. ओढ्याकाठी चरणाऱ्या म्हाताऱ्या घोडीकडे कोण बघतंय?

हिवाळा आला. कॉन उत्तरेला लांब निघून जाणार होता, मेंढ्या कातरायच्या कामाला, दुसऱ्या नावानं. एकदा नदी ओलांडली की सुटला. जाण्याआधी त्या संध्याकाळी आईला भेटून जाणार होता. होनोरानं लोकरीचे मोजे विणून ठेवले होते, सोड्याचा पाव भाजायला घेतला होता.

आणि दुपार कलताना व्हिकरी दारात. सोबत गस.

"बाई, आज मुक्काम तुमच्याकडेच," व्हिकरी म्हणाला. "चहा टाका."

"टाकते की. पाणी ओढ्यावरून आणावं लागेल. का त्यालाही सरकारी परवाना लागतो?"

ती बादली घेऊन आली. माझ्या पोटात तिनं गवत असं गच्च दाबलं की मला श्वास घेता येईना. घोडीच्या मानेवर कपाळ टेकलं आणि म्हणाली, "आज तोंडातून ब्र काढू नकोस गं." कुणाला म्हणाली, घोडीला की मला, कोण जाणे. पाणी घेऊन परत गेली.

थोड्या वेळानं गस आला. पोलिसांच्या घोड्यांना पाणी पाजून कोठारात लपवायचा हुकूम होता. ते घोडे पाणी पीत होते. त्याची नजर फ्लोरीकडे गेली. तिनं मान हलवली, आवाज नाही.

"अगं म्हातारे, तुला अशीच सोडली का?" तो जवळ आला. "काकूंच्या डोक्यात काही राहत नाही आता. थंडीत तुला शोधत फिरल्या असत्या ना!"

आणि त्यानं गवत काढलं. बोटं घालून काडीन् काडी काढली, जसं त्याला शिकवलं होतं तसं. घोडीला थोपटलं आणि निघून गेला.

फ्लोरीनं एक पाऊल टाकलं. मी वाजले. काय करणार होते मी? जीभ दिलेली होती आणि मान हलत होती.

उजेड जाता जाता कॉन झाडीतून उतरला. दाढी वाढलेली, अंगावर हाडं. फ्लोरीच्या मानेला मिठी मारून म्हणाला, "पावाचा वास येतोय गं. आईनं मनुका घातल्यात का, सांग बघू!" मला त्यानं बोटानं टिचकी मारली. मग शीळ घालत घराकडे चालू लागला.

घरातून होनोराची किंकाळी आली, "पळ, कॉन! पळ रे बाळा!"

तो थबकला. पळाला नाही, आईच्या आवाजाकडे एक पाऊल पुढेच गेला. मग व्हिकरीची बंदूक वाजली.

मी रात्रभर वाजत होते. मला थांबवायला कुणी आलं नाही.

कॉनला पुरल्यावर होनोरा माझ्यापाशी येऊन बसायची आणि स्वतःच्या हाताकडे बघायची. "नीट कोंबलं नाही मी," म्हणायची. "माझ्याच हातानं गेलं माझं पोर. आणखी एक मूठ घातली असती तर!" खाणं सुटलं, झोप सुटली. मला ओरडून सांगायचं होतं की तू नाही गं बाई, तू नाहीस. पण मला एकच शब्द येत होता.

आठवड्यानं गस आला. अंगावर पोलिसाचे कपडे नव्हते. दारातच उभा राहिला, फ्लोरी शेजारी खुंटाला बांधलेली.

"काकू, नोकरी सोडली मी. गोळी मी नाही झाडली. बंदूक खालीच होती माझी."

"ठाऊक आहे. पाहिलं मी."

"तुमच्यासाठी काहीच करता आलं नाही मला. त्या दिवशी एवढंच झालं, घोडी मुकी सोडली होतीत, तिच्या घंटेतलं गवत काढलं. म्हटलं हरवली तर तुम्ही कुठं शोधणार."

चुलीवरचं पाणी उकळून सांडत होतं.

"तू काढलंस?"

"हो. काकांनीच नाही का शिकवलं? एक मुस्काटातही दिली होती." तो रडत रडत हसला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं! तिच्या छातीवरचा धोंडा तेवढ्यात उतरला होता, आणि तो आता हातात घेऊन ती उभी होती. समोर त्याच धोंड्यासाठी एक माणूस उभा होता, त्याला काही माहीतच नव्हतं. तो धोंडा किती जड, हे तिनं आठवडाभर वाहून पाहिलं होतं.

"चांगलं केलंस पोरा," ती म्हणाली. "चांगलं वळण आहे तुला. बस, चहा घे."

तो गेल्यावर तिनं सांडशी आणली आणि माझी जीभ उपटून काढली. कॉनच्या मातीपाशी गेली, अंगठ्यानं दाबून ती खोल पुरली. "आपण दोघी मुक्याच राहू," मला म्हणाली. पुढे कितीतरी वर्षं गस तिची लाकडं फोडत होता, बटाटे काढत होता. तिनं अवाक्षर काढलं नाही. मरताना त्याचाच हात धरला होता.

आता मी गसच्या ओसरीवर टांगलेली असते. त्याची दाढी पांढरी झाली आहे. परवा तो मला खाली काढून पुसत बसला होता. "काकूंची घंटा," नातीला सांगत होता, "जीभ कुठं पडली कुणास ठाऊक. लोहाराकडून नवी घालून घेऊ आणि तुझ्या शिंगराच्या गळ्यात बांधू."

बाबांनो, तुमच्यापैकी कुणी त्या डोंगराकडे गेलंच, तर त्याच्या ओसरीवर थोडं टेका. चहा देईल तो, माणूस चांगला आहे. त्याला म्हणा, ही घंटा मुकीच राहू दे.

का म्हणून विचारेल. तेवढं मात्र सांगू नका.