भामाबाईचं सहावं चित्र

“कान खाली पाड, सुकन्ये. ताठ कानाचं कुत्रं दिसतंय ते!” शेजारी बसलेली म्हातारी भामाबाई म्हणाली.

सुकन्याने हसत कागदावरच्या शेळीचे कान खोडले. नेकनूरच्या शेळीपालक बायकांच्या कंपनीची लिखापढी तीच करायची. केजच्या सभागृहात पुण्याच्या खरेदीदारांपुढे दहा मिनिटं बोलायचं होतं. जमलं तर चाळीस घरांच्या शेळ्या व्यापाऱ्याला टाळून थेट जाणार होत्या. प्रशिक्षणात सांगितलं होतं, पडद्यावर दाखवायचं नंतर बघा. आधी सगळी गोष्ट चौकटी-चौकटीने कागदावर काढा, भिंतीवर लावा, क्रम हलवून पाहा. म्हणून तिने जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर बारा चित्रं काढून भिंतीवर ओळीने चिकटवली होती. सहाव्यात वजनकाट्यावर चढवलेली शेळी.

“हे पडद्यावर आलं की तुमी उठून बोलायचं, मावशी.”

भामाबाईला अक्षर येत नव्हतं, चित्र मात्र पक्कं कळत होतं. आपली वाक्यं तिने आठ दिवस शेळ्यांमागे फिरत पाठ केली.

निघायच्या सकाळी सुकन्याने घड्याळ लावून सगळं म्हणून पाहिलं. अकरा मिनिटं होत होती. खरं तर गावाच्या नकाशाचं चित्र वगळलं असतं तरी भागलं असतं. पण कोटातल्या माणसांपुढे म्हातारी अडखळली तर? तिने सहावी पत्रिका भिंतीवरून उपटून पर्समध्ये टाकली, पडद्यासाठीच्या चित्रांतूनही ते वगळलं. जीपमध्ये सांगू, असं मनाशी ठरवलं. जीपमध्ये भामाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून पुटपुटत बसली होती. सुकन्याची जीभच उचलली नाही.

सभागृहात पाचव्या चित्रानंतर सातवं आलं. उठायच्या बेतात पुढे सरकलेली भामाबाई थांबली, पुन्हा टेकली. शेवटपर्यंत तिने पडद्यावरून नजर हलवली नाही. सौदा जमला, टाळ्या पडल्या. सुकन्याला त्या टोचत राहिल्या.

परतीच्या जीपमध्ये भामाबाई हळूच म्हणाली, “माझं चित्र कवा गेलं गं? टक लावून हुते मी. डोळा लागला का काय माझा?”

“लई पटकन गेलं, मावशी.”

“चुकलंच माझं. तुझ्या कामात खोडा तर न्हाई ना पडला?”

आता मात्र सुकन्याला राहवेना. आपण किती कोत्या मनाने वागलो, याची तिला लाज वाटली. तिने पर्समधून पत्रिका काढली.

“तुमचं न्हाई चुकलं. मीच काढून टाकलं हे. तुमी अडखळाल, असं वाटलं मला.”

भामाबाईने पत्रिका हातात घेतली, दुमडलेला कोपरा अंगठ्याने सरळ केला आणि ती मांडीवर ठेवली. डोक्यावरचा पदर सारखा केला, हात जोडले.

“नमस्कार. मी भामाबाई, नेकनूरची. आधी व्यापारी शेळीच्या कमरंला हात लावून वजन सांगायचा, अन् आमी हो म्हणायचो. आता शेळी काट्याव चढती. काटा दोघंबी बघतो.”

ती एकदाही अडखळली नाही.