अर्धा सेंटिमीटर

बस ड्रायव्हरला चार वर्षं दम्याची औषधं चालू होती. पंप झाले, गोळ्या झाल्या. खोकला काही हटेना. थुंकीत रक्त पडलं, तेव्हा कुठे कोणीतरी श्वासनळीत दुर्बीण घालून पाहिलं. उजव्या श्वासनळीत लालबुंद गाठ बसली होती. क्वचित दिसणारी, सावकाश वाढणारी जात. कापून काढायची, एवढाच खरा उपाय.

ते काम सर्जनबाईंकडे आलं. साठीला टेकलेल्या, गुडघे केव्हापासून कुरकुरत होते. अख्खं उजवं फुप्फुस काढणं सोपं होतं, पण मग चाळिशीच्या माणसाने जिन्याचीही धास्ती घेतली असती. म्हणून त्यांनी फक्त वरचा भाग आणि गाठीसकट नळीचा तुकडा कापला आणि तपासायला पाठवला. कड स्वच्छ निघाली, तर उरलेली टोकं जोडायची.

हात छातीशी धरून त्या वीस मिनिटं ताटकळल्या. प्रयोगशाळेतून फोन आला. कडेला गाठीच्या पेशी होत्या.

भूल देणारे डॉक्टर त्यांचे जुने सोबती. ते हळूच म्हणाले, "काढून टाका सगळंच. कोणी नावं ठेवणार नाही."

"मी ठेवीन ना," बाई म्हणाल्या आणि आणखी अर्धा सेंटिमीटर कापलं.

पुन्हा वीस मिनिटं. या खेपेला कड स्वच्छ आली. ताणून का होईना, टोकं जुळली. एकेक टाका घालताना बाईंची पाठ मोडून आली.

बाहेर ड्रायव्हरची बायको बाकावर होती. बाई तिच्याशेजारी धपकन बसल्या. उभ्याने सांगायचं त्राणच नव्हतं. बरंचसं फुप्फुस वाचलंय, पण वर्षानुवर्षं तपासण्या कराव्या लागतील, हे त्यांनी सांगितलं.

"सिगरेटनेच झालं ना हे?" बायकोने विचारलं. "ते ओढत नाही म्हणायचे. मी खिसे तपासायचे. दोन वर्षं अंथरूणही वेगळं घातलं."

"मी त्यांचं फुप्फुस डोळ्यांनी पाहिलंय," बाई म्हणाल्या. "ओढणाऱ्याचं असं नसतं. आणि ही गाठ न ओढणाऱ्यांनाही होते."

बायको कितीतरी वेळ हातातल्या पिशवीचा बंद पिळत राहिली.

संध्याकाळी तिला पाच मिनिटं आत सोडलं. नवऱ्याच्या कानाशी वाकून ती काहीतरी पुटपुटली. तो डोळे मिटूनच म्हणाला, "उद्या सांग. आज भांडायला दम नाही."

"भांडत नाहीये," ती म्हणाली आणि त्याचा हात धरून उभी राहिली.