जावई संपावर

टेक्सासमधल्या शुगर लँडच्या चारुदत्त आणि उत्तराबाईंच्या मुलीने, विनीताने, १९८५ साली वेंडल क्राउस नावाच्या मुलाशी लग्न केलं. मुलगा नेब्रास्काचा, शेतकऱ्याच्या घरचा, दारातून येताना किंचित वाकणारा, आणि व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळणारा. ह्यातलं शेवटचं लोकांना सांगायला चारुदत्तांना सुरुवातीला बरं वाटलं. पण फुटबॉल बघणारा कुणी भेटला की जावई कुठल्या पोझिशनला खेळतो, हे तो विचारायचाच. चारुदत्त रिफायनरीत केमिकल इंजिनिअर होते. मोघम उत्तर देणं त्यांना जमत नसे. ते सांगत, की बॉल किक करायची वेळ आली की वेंडलला मैदानावर बोलावतात. तो ओणवा होतो, स्वतःच्या पायांमधून मागे बघतो आणि बॉल मागच्या माणसाकडे फेकतो. मग समोरचे लोक त्याच्या अंगावर येतात. ह्या कामाला लाँग स्नॅपर म्हणतात.

"आणि बाकीचा वेळ?" गणपतीच्या कार्यक्रमात त्यांचे मित्र एकनाथ यांनी विचारलं.

"बाकीचा वेळ उभा असतो," चारुदत्त म्हणाले.

वेंडल हे काम उत्तरेकडच्या एका संघात पाच वर्षं करत होता. आधीच्या माणसाची पाठ गेली म्हणून त्याला घेतलं होतं. रस्त्यात त्याला कुणी ओळखत नसे आणि त्याचं त्याला काही वाटत नसे. सासऱ्यांना तो 'सर' म्हणे, सासूबाईंना 'आई'. उत्तराबाई त्याला वेंडलराव म्हणत. 'राव' हा आपल्या नावाचाच भाग झालाय असं समजून त्याने एका ख्रिसमस कार्डावर तशी सहीही केली होती.

१९८७च्या सप्टेंबरात सगळ्या लीगचे खेळाडू संपावर गेले. करार संपला की हव्या त्या संघात जायची मोकळीक त्यांना हवी होती. मालकांनी बाहेरची माणसं भरती करून सामने चालू ठेवले. वेंडल काही दिवस स्टेडियमच्या गेटसमोर फलक घेऊन उभा राहिला. विनीता सातव्या महिन्यात होती आणि आईवडिलांकडे आली होती. म्हणून मग युनियनला विचारून तोही शुगर लँडला आला.

ते घर संपकऱ्याला फारसं सोयीचं नव्हतं. १९८०मध्ये रिफायनरीचे कामगार संपावर गेले, तेव्हा मॅनेजमेंटच्या लोकांनी आत राहून प्लांट चालवला होता. चारुदत्त त्यांच्यापैकी एक. कॉटवर झोपून, स्वतः व्हॉल्व फिरवून त्यांनी आपलं युनिट बंद पडू दिलं नव्हतं, आणि हे ते अजून अभिमानाने सांगत. पहिल्याच जेवणाला त्यांनी ते वेंडलला सांगितलं. वेंडलने सगळं ऐकून घेतलं आणि व्हॉल्व जड होते का, असं विचारलं. जड होते, चारुदत्त म्हणाले. विनीताने बाबांना हा विषय प्लीज ड्रॉप करा म्हणून सांगितलं, आणि तो घरापुरता ड्रॉप झाला.

हाताची सवय जाऊ नये म्हणून वेंडल मागच्या अंगणात सराव करी. कुंपणाला जुनी गादी टांगून तो तिच्यावर बॉल मारायचा. तिसऱ्या दिवशी गादी फाटली. शेजाऱ्यांनी कापसाबद्दल विचारलं. तेव्हा उत्तराबाई म्हणाल्या, की मी धरते. नागपूरला कॉलेजात त्या रिंग टेनिस खेळलेल्या होत्या. वेंडलने पुष्कळ नाही म्हणून पाहिलं. पहिला बॉल त्यांच्या गळ्याच्या हाडाला लागला. त्या आत गेल्या, बर्फ लावला, साडी बदलून सलवार-कमीज घातली आणि परत आल्या. आठवड्याभरात त्या गुडघ्यावर बसून बॉल धरू लागल्या, आणि तो डावीकडे सरकतोय हे सांगूही लागल्या.

चारुदत्त हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत. एकदा उत्तराबाई पाणी प्यायला आत आल्या, तेव्हा ते म्हणाले, की मी संप मोडला आणि माझी बायको संपकऱ्याला प्रॅक्टिस देतेय.

उत्तराबाईंनी पेला खाली ठेवला. "तुम्ही आत होता तेव्हा तुमचा डबा गेटपर्यंत कोण आणत होतं?"

"तू."

"आणि गेटवर कोण उभं होतं?"

"संपकरी."

"त्यातला एक जण रोज सगळ्यांना बाजूला करून माझ्या गाडीला वाट द्यायचा. तुमच्या युनिटचाच होता, रॉय. आत तुम्हाला बरं आहे ना, म्हणून विचारायचा. त्याची बायको तेव्हा किमोवर होती."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही व्हॉल्वचं सांगत होता," उत्तराबाई म्हणाल्या आणि पुन्हा अंगणात गेल्या.

त्या रविवारी वेंडलच्या संघाचा सामना टीव्हीवर होता. चारुदत्तांनी लावू का म्हणून विचारलं. वेंडल म्हणाला, लावा सर. त्याच्या जागी एक बिअरचा ट्रक चालवणारा माणूस घेतला होता. तो ओणवा झाला, बॉल मागे गेला, किक झाली. वेंडल गुडघ्यांवर कोपरं टेकून बघत होता.

"चांगला टाकतो," थोड्या वेळाने तो म्हणाला.

चारुदत्तांना पटत होतं, पण ते नुसतं 'हं' म्हणाले. घरात जावई आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी मोघम काहीतरी केलं. ते चहा टाकायला उठले.

ऑक्टोबरात संप मोडला. मागणी मान्य झाली नाही. वेंडल परत गेला, तर संघाने ट्रकवाल्यालाच ठेवून घेतलं होतं. त्याने तसा फोन केला आणि तो चारुदत्तांनी उचलला. त्यांनी फ्लाइटची वेळ विचारली आणि एकटेच एअरपोर्टवर गेले. परतताना ट्रॅफिक होतं. त्यांनी रॉयबद्दल सांगितलं, त्याची बायको गेल्याचं त्यांना परवाच, चौकशी केल्यावर कळलं होतं. वेंडल म्हणाला, आय अ‍ॅम सॉरी, सर.

नोव्हेंबरात पश्चिमेकडच्या एका संघाच्या स्नॅपरचा हात मोडला आणि त्यांनी वेंडलला बोलावलं. डिसेंबरात मुलगी झाली, दीपा; तेव्हा तो विमानात होता. पुढे तो आणखी दोन सीझन खेळला. मग खांद्याने साथ सोडली. तो रिटायर झाल्याचं कुठल्याही पेपरात आलं नाही. १९९०च्या ऑगस्टमध्ये तो विनीता आणि दीपासह शुगर लँडला राहायला आला आणि एका शाळेत बायॉलॉजी शिकवू लागला.

शाळेत शिक्षकांची युनियन होती. पहिल्याच आठवड्यात तो तिचा सभासद झाला. मीटिंगच्या दिवशी त्याची गाडी दुरुस्तीला होती, म्हणून चारुदत्तांनी त्याला सोडलं. मीटिंग किती वेळ चालेल, असं त्यांनी विचारलं. सांगता येत नाही, वेंडल म्हणाला, पार्किंग लॉट ओलांडून दाराशी किंचित वाकला आणि आत गेला. ऊन फार होतं. चारुदत्तांनी एका ओकची सावली शोधून गाडी लावली, काचा खाली केल्या आणि वाट बघत बसले.