तीन चुकांची मुभा

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे, आणि या घरात आलो तेव्हाही जुनाच होतो. त्याआधी मी एका दातांच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या खोलीत असायचो. आत जायला घाबरणारी मुलं माझ्या काचेवर रंगीत मासे पकडत बसायची. एकाने मला फरशीवर आपटलं, कोपऱ्याला तडा गेला आणि डॉक्टरांनी मला स्वस्तात काढून टाकलं.

मला घेणारे गृहस्थ लोकांना गाडी चालवायला शिकवत. फार शांत माणूस. शिकणाऱ्या बाईंनी गाडी फुटपाथवर चढवली, तरी ते आपल्या पायाखालचा ब्रेक दाबून म्हणायचे, "होतं असं. पुन्हा एकदा घेऊ." शाळा सुटली की त्यांची मुलगी मागच्या सीटवर येऊन बसायची आणि मी तिच्या मांडीवर. एका जागी स्वस्थ बसत नाही म्हणून तिला सगळे खारू म्हणत. पण माझ्यावर बुद्धिबळाची कोडी उघडली की हीच खारू पुतळ्यासारखी बसायची.

पटावर डाव अर्धवट मांडलेला असायचा. त्यात जिंकणारी खेळी दडलेली, ती शोधायची. घोडा अशा घरात टाकायचा की एकाच वेळी राजाला शह आणि हत्तीवर डोळा.

"सुटलं का गं?" बाबा सिग्नलला विचारायचे.

"थांब ना बाबा, घोडा सापडलाय!"

आणि दोघं हसायचे. माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस सुखाचे.

मग बुद्धिबळाच्या क्लासमधल्या सरांनी सांगितलं, "कोडी घड्याळ लावून सोडवा. तीन मिनिटांत किती सुटतात तो आकडा रोज चढला पाहिजे." त्यात चुकांची मुभा तीनच. तिसरी चूक झाली की खेळ बंद.

आकडा चढला. पाहुणे आले की बाबा मला पुढे करायचे, "बघा, आमच्या खारूचा आकडा!" लोक वाहवा करायचे. खरं सांगतो, मीही तेव्हा भाव खाऊन घेतला. पण हळूहळू घरात तो आकडा सगळ्यांच्या डोक्यावर बसला. आकडा चांगला आला तर मैत्रिणीकडे जायचं, नाहीतर नाही. खारू सोडवायला बसली की बाबा तिच्या खुर्चीमागे उभे. "घड्याळ बघ, घड्याळ! अगं, हात चालव!"

पहिल्या मोठ्या स्पर्धेत तिच्यासमोर एक पांढऱ्या केसांच्या, संथपणे खेळणाऱ्या बाई होत्या. खारूला पटावर ओळखीची आकृती दिसली आणि तिने झटक्यात वजीर देऊन टाकला. बाईंनी चष्मा सारखा केला, नीट पाहिलं आणि वजीर उचलून बाजूला ठेवला. पुढे काहीच नव्हतं. कोड्यात जिंकणारी खेळी असतेच. खऱ्या डावात ती असेलच असं नाही, हे मी तिला कधी शिकवलंच नव्हतं. मला तरी कुठे ठाऊक होतं?

परतताना गाडीत बाबा म्हणाले, "वजीर असा फुकट घालवतात? इतके दिवस काय केलंस त्या टॅबवर?"

"कोड्यात असा दिला की जिंकतो, बाबा."

"हे कोडं नव्हतं!"

त्यानंतर शाळेआधी कोडी, शाळेनंतर कोडी. आणि एक दिवस आकडा घसरायला लागला. खारू बसायची, पटापट तीन चुका व्हायच्या, खेळ बंद. रोज तेच.

"याची काच बिघडली असणार," असं म्हणून बाबा आम्हा दोघांना दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. दुरुस्तीवाल्याने माझ्या काचेवर वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "साहेब, काच ठणठणीत आहे. ताई, तू जरा खेळून दाखव बरं."

ती खेळली. तीन चुका. दुरुस्तीवाला तिच्या बोटाकडे बघत होता. तो जरा चाचरत म्हणाला, "हिचं बोट आधी एका घरावर जातं, थांबतं आणि मग मुद्दाम शेजारच्या घरावर टेकतं. तिन्ही वेळा तसंच झालं."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "मुद्दाम चुकतेस?"

"हो."

"का?"

"तीन चुका झाल्या की बंद होतं ना. मग मला उठता येतं."

दुरुस्तीवाला उगाच माझी काच पुसत राहिला. मला वाटलं, आता बाबा म्हणतील, होतं असं. परक्यांना तर ते दिवसभर हेच म्हणायचे. पण त्यांनी मला पिशवीत कोंबलं आणि तिची वाटही न पाहता दुकानाची पायरी उतरले.

क्लास बंद झाला. दोघांत बोलणं उरलं ते जेवायला ये, दार लाव, एवढंच. मी कपाटावर धूळ खात पडलो.

आज आत्या आली, सोबत तिची छोटी. बाबांनी मला खाली काढलं, चार्जिंगला लावलं आणि छोटीला घोडा कसा चालतो ते दाखवलं. तिने पहिलंच कोडं सोडवलं. बाबा खळखळून हसले. कितीतरी दिवसांनी मी ते हसू ऐकलं.

"वा गं वा! आता जरा घड्याळ लावूया का?"

खारू दारात उभी होती. "बाबा, तिला नको."

"अगं, गंमत म्हणून."

"माझंही गंमत म्हणूनच होतं," असं म्हणून ती आत निघून गेली. बाबा क्षणभर दाराकडे बघत राहिले. मग त्यांनी घड्याळ लावलं.

मित्रांनो, आम्हाला उन्हात ठेवू नका, ओल्या हाताने धरू नका, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी एवढंच मागतो, की मोठे झालात की कोडी सोडवणाऱ्या मुलाच्या मागे उभे राहू नका. मागून फक्त आकडा दिसतो. समोर येऊन बसा. या घरात खारूचा चेहरा मी एकट्यानेच पाहिला, आणि मला तोंड नाही.

छोटीची पहिली चूक आत्ताच झाली. पुढचं कोडं समोर आलंय, पण ती काचेकडे बघतच नाही. मान वळवून मामाकडे बघते आहे.