चौथी गिरकी

घड्याळजींनी अख्ख्या पेठेची घड्याळं वळणावर आणली, पण त्यांच्या स्वतःच्या पायांना ताल कधी सापडला नाही. लग्नात बायकोने नाचायला ओढलं, तेव्हा लोक इतके हसले की त्यांनी पुढे तीस वर्षं नाचाचं नाव काढलं नाही. बाईंनीही काढलं नाही. आशा मात्र मनात जपून ठेवली.

लेकीचं लग्न ठरलं आणि घड्याळजी दुकानातून उशिरा, घामाघूम होऊन येऊ लागले. "काम साठलंय," म्हणायचे. भिंगातून घड्याळं बघताना एवढा घाम कसा येतो, ते बाईंना कळेना.

उत्तर लॅपटॉपने दिलं. मागे घड्याळजींचा फोन बादलीत पडून सगळे फोटो बुडाले, तेव्हा लेकीने घरातले फोन लॅपटॉपला जोडून दिले होते. फोनमध्ये जे येईल ते आपसूक इथेही. तिने बाबांना नीट समजावलं होतं, पण त्यांचं सगळं लक्ष चहात बुडत चाललेल्या बिस्किटाकडे होतं.

तर बाईंनी लॅपटॉप उघडला आणि समोर नवरा. बंद दुकानात, फोन कुठेतरी टेकवून, हात पसरून नाचत होता. चौथ्या गिरकीला डावीकडे जायचं सोडून उजवीकडे गेला, काउंटरवर आदळला आणि "आई गं" म्हणून पुन्हा उभा राहिला.

"मी पाहिलं हे त्यांना कळलं, तर संपलंच," बाई लेकीला म्हणाल्या. "गोगलगायीसारखे आत जातील."

"मग काय करणार आहेस?"

"स्वयंपाकघराचं दार लावून शिकणार."

दुसऱ्याच दिवशी व्हिडिओ गायब.

"बाबांनी फोनमधून पुसला असेल," लेक म्हणाली. "तिथे पुसलं की इथलंही जातं."

"हा कसला सांभाळ? चोराच्याच हाती किल्ल्या."

"म्हणून तर वेगळी प्रत हार्ड डिस्कवर ठेवते. तुझ्या शालींखाली आहे, बाबांचा हात पोचत नाही तिथे. पण आई, चौथ्या गिरकीला बाबा चुकतात हं."

"चुकू देत. मला गाण्याबरोबर नाही, ह्यांच्याबरोबर नाचायचंय."

लग्नात गाणं लागलं. घड्याळजींनी ओला तळहात पुढे केला. "येतेस?"

"मला मेलीला कुठे येतंय," म्हणत बाई उठल्या.

तीन गिरक्या झोकात गेल्या. चौथीला बाई उजवीकडे वळल्या आणि घड्याळजी, घोटून घोटून चूक सुधारलेले, बरोबर डावीकडे. दोघं एकमेकांवर आदळली. लोक हसले, अगदी तीस वर्षांपूर्वीसारखे.

घड्याळजी मात्र बायकोकडे बघतच राहिले. "ही चूक तर मी पुसली होती. तुला कुठे सापडली?"

"शालींखाली."

घड्याळजींनी लेकीकडे पाहिलं. नवरी छताकडे बघत होती. एकदम सगळा उलगडा झाला आणि ते पोट धरून हसले. मग बायकोचा हात पुन्हा धरला.

कडवं परत आलं. चौथ्या गिरकीला बाई नवऱ्यासाठी डावीकडे वळल्या आणि घड्याळजी बायकोसाठी उजवीकडे.

"आई गं," दोघंही एकदमच म्हणाली, पण हात कुणीच सोडला नाही.