तेजूच्या मनगटावरची पोच

मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता कार्यालयानं निवेदनाऐवजी सुगंधा बिरंजेलाच दाखल करून घेतलं. निवेदन माझ्या पिशवीत तसंच राहिलं. चूक माझी होती. ती कशी झाली ते क्रमानं सांगते, कारण क्रम न लावता लिहिलेलं कुणी वाचत नाही, हे मीच सगळ्यांना शिकवत आले आहे.

मी विमल तोडकर. आधी बालवाडी शिकवायचे. गेली सव्वीस वर्षं कांडी कामगार बायकांच्या संघटनेचं काम करते. आमच्या गावात गल्लोगल्ली माग आहेत. मागाच्या धोट्यात जी कांडी बसते, तिच्यावर सूत भरायचं काम बायकांचं, दिवसाला बारा-बारा तास. माझं काम त्यांची निवेदनं लिहायचं. माझं अक्षर चांगलं आहे हे मी सांगायला नको, साहेब लोकच सांगतात. आणि माझा एक नियम आहे. संघटनेत नवी पोरगी आली की पहिल्या दिवशी तिला तो पाठ करायला लावते: पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. कागद दिला आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, नंबर, गोल शिक्का आणि सही घेतली, तरच तो दिला. नाहीतर उद्या विचारतील, कसला कागद? माझ्या लोखंडी कपाटात सव्वीस वर्षांच्या पोचा आहेत. मागण्या मान्य झाल्याची पत्रं खालच्या खणात असतात. तो खण छोटा आहे आणि अजून भरलेला नाही.

हे निवेदन पाळणाघराचं होतं. सुगंधाचा धाकटा मुलगा चौदा महिन्यांचा होता. कांडीवर जाताना ती त्याला मोठ्या बहिणीवर, तेजूवर सोपवायची आणि बाहेरून कडी लावून जायची. सगळ्याच जातात तशी. तेजू तेव्हा सात वर्षांची होती. मोरीत पाण्याची बादली भरून ठेवलेली होती. याहून जास्त मी निवेदनातही लिहिलं नाही. सुगंधाच म्हणाली, "एवढं बास, बाई." मागणी एका ओळीची होती: कामाच्या जागेजवळ, कामाच्या वेळेत, आमची पोरं सांभाळायला एक खोली आणि एक बाई द्या.

मंगळवारी तेजूच्या शाळेला सुट्टी होती, म्हणून सुगंधानं तिलाही बरोबर आणलं. ती आता दाराला कडी लावत नाही.

आवकची खिडकी म्हणजे जाड काच आणि तिच्याखाली चार बोटांची फट. आतला माणूस मान वर न करता म्हणाला, "अर्जदार?"

"ही," मी म्हणाले.

"सरकवा आत."

अंगठा हवा असेल असं समजून सुगंधानं हात पुढं केला. हात गेला, कोपर गेलं, खांदा गेला. ती मुळातच बारीक. तिनं मान आडवी करून डोकं आत घेतलं. पदर फटीला अडकला तो आतल्या माणसानं सोडवून घेतला. शेवटी टाच दिसली, मग तीही दिसेना. एक चप्पल माझ्या पायाशी राहिली. आत शिक्का आपटल्याचा आवाज आला. नंबर पडला चव्वेचाळीसशे सतरा.

मग मी काय केलं? मी म्हणाले, "पोच?"

"प्रत आणलीय?"

मी इकडंतिकडं पाहिलं. तेजू माझ्या शेजारी उभी होती. आईचंच नाक, आईचेच डोळे, हनुवटीवरची खळीसुद्धा तीच. मी तिचा हात उचलून फटीत धरला. मनगटावर गोल शिक्का बसला, त्यात तारीख आणि नंबर, खाली झोकदार सही. शिक्का इतका स्वच्छ उठला की मला बरं वाटलं. हे मी लपवणार नाही. मला बरं वाटलं.

पायऱ्या उतरताना तेजूनं विचारलं, "आई कवा येनार?"

"काळजी करू नको," मी म्हणाले. "पोच आहे आपल्याकडं."

सुगंधाचा नवरा भिवंडीला असतो. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "कागदपत्रं नीट ठेवा." तेजूला मी माझ्या घरी आणलं. लिंबू लावून पाहिलं, राखेनं घासलं, पण शिक्का काही निघाला नाही. संध्याकाळी जैनब मुल्लाणी आली. ती संघटनेची उपाध्यक्ष आहे, तिची तीस वर्षं कांडीवर गेली. तिनं तेजूचं मनगट उलटंसुलटं करून पाहिलं.

"मानूस दिऊन आलाय तुमी," ती म्हणाली. "आन् वर पोच दावताय व्हय?"

मला राग आला. राग यायला समोरचा खोटंच बोललेला असावा लागतो असं नाही.

आठव्या दिवशी पत्र आलं. विषय: सुगंधा बिरंजे. मजकूर: सदर अर्जदार विचाराधीन आहे. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. इतक्या लवकर उत्तर मला सव्वीस वर्षांत कधी आलं नव्हतं. मी ते पत्र घेऊन गेले आणि भेट मागितली. शिपायानं मला तीन नंबरच्या टेबलाकडं नेलं.

सुगंधा फायलीत वरून चौथी होती. तिच्या वरच्या तिघींना मी ओळखत नव्हते, एक बहुतेक वीटभट्टीवरची असावी. शिपायानं त्यांना अलगद बाजूला केलं. सुगंधा सपाट झाली होती आणि कडा जराशा वळल्या होत्या. डाव्या खांद्याला भोक पाडून त्यातून हिरवी दोरी ओवली होती. समासात कुणीतरी लाल शाईनं लिहिलं होतं, "चर्चा करावी."

"बाई," ती म्हणाली, "तेजू जेवली?"

"जेवली. दुखतंय का तुला?"

"न्हाई. वर माणसं ठेवत्यात त्याचं वझं हुतंय. दुपारी पंखा लावला की जरा हलाय मिळतंय." मग ती थांबून म्हणाली, "बाई, हितं तान्ही पोरंबी हायती. त्यास्नी बघायला कोन न्हाई."

मी पिशवीतून खरं निवेदन काढलं आणि टेबलावरच्या साहेबांसमोर ठेवलं. म्हटलं, हा घ्या अर्ज आणि माणूस परत द्या. साहेब सज्जन होते. त्यांनी निवेदन वाचलं, अक्षराचं कौतुक केलं आणि परत केलं. "एका विषयावर एकच आवक होते," ते म्हणाले. "तुमची झालेली आहे." शिपायानं त्या तिघी पुन्हा वर ठेवल्या.

जाताना तो मला मुद्दाम मागच्या व्हरांड्यातून घेऊन गेला. तिथं दप्तरखाना होता. जमिनीपासून छतापर्यंत लाल फडक्यात बांधलेली दप्तरं होती. एकातून वेणीचं टोक बाहेर आलं होतं. "दप्तरदाखल झालं की हितं येतं," शिपाई म्हणाला. "दहा वर्षांनी यादी करून नष्ट." त्यानं ते टोक बोटानं आत सारलं.

दुसरं पत्र आलं ते त्रुटीचं. अर्जदारासोबत प्रत जोडलेली नाही. पंधरा दिवसांत प्रत न जोडल्यास अर्जदार दप्तरदाखल करण्यात येईल. मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा तेजू पाटावर बसून भाकरी खात होती. तिनं आपल्या मनगटाकडं पाहिलं आणि उरलेली भाकरी ताटात ठेवली. त्या दिवसापासून ती पातळ होऊ लागली.

आम्ही धरणं धरलं. ज्यांची कामाची पाळी नसेल त्या बायका येऊन खिडकीपुढं बसत. पाळी सुटली की दुसऱ्या येत. घोषणा दिल्या, गाणी म्हटली, डबे उघडून तिथंच जेवलो. आवकची फट रोज थोडी लहान होत होती. पहिल्या आठवड्यात तीन बोटं राहिली, नंतर अडीच. मी मोजत होते. बायकांमधलं कुणीही आता तिच्यात मावलं नसतं.

दहाव्या दिवशी मी आतल्या माणसाला म्हणाले, "मला घ्या. सुगंधाच्या जागी मी येते." आणि हात फटीत घातला. तो मनगटाशी अडला. मी खूप जोर लावला. कातडं सोलून निघालं, पण एक सूतभरही पुढं गेला नाही.

"तुम्ही अर्जदार नाही," तो म्हणाला. "प्रतही नाही. तुम्ही लिहिणाऱ्या."

मी हात काढून घेतला आणि पायरीवर बसले. ज्याचं जळतं त्याला कळतं ही म्हण मी भाषणात शंभरदा वापरली असेल, समोरच्या साहेबाकडं बोट करून. मी सव्वीस वर्षं खिडकीच्या या बाजूला उभी होते, पण जळत होतं ते दुसऱ्यांचं. माझं कधी काही आत गेलंच नव्हतं. मी तिथं सगळ्यांसमोर रडले. जैनबनं माझ्या हाताला हळद लावली आणि चिंधी बांधली, पण मला गप्प बसा म्हणाली नाही.

तेजू आता दाराखालून जाऊ शकत होती. मी खिडक्या बंद ठेवत होते, तिला वाऱ्याशी उभं राहू देत नव्हते. अंघोळ घालताना भीती वाटायची. तिच्या पाठीवर बारीक ओळी उमटल्या होत्या. अक्षर माझंच होतं. कामाच्या जागेजवळ, कामाच्या वेळेत.

"मी जातो आत," ती एकदा म्हणाली.

"तू कुठं जायचं नाहीस."

"मी गेलो तर आई सुटंल?"

हे मी दुसऱ्या दिवशी खिडकीवर विचारलं. आतला माणूस म्हणाला, "प्रत जोडली की कार्यवाही सुरू होते."

"म्हणजे ती परत येईल?"

"म्हणजे कार्यवाही सुरू होते."

मी ते उत्तर घरी फक्त जैनबला सांगितलं, तेजूला नाही. पण ती दाराशी उभी राहून ऐकत होती, आणि दाराचा आता तिला काही अडसर नव्हता. तिनं एवढंच विचारलं, "आत बारकी पोरं हायत न्हवं? मी बघीन त्यास्नी. आता मी लक्ष दिऊन बघीन."

मी तिला जवळ घेतलं. ती माझ्या छातीशी कागदासारखी वाजली.

पंधराव्या दिवशी आम्ही सगळ्या गेलो. कांडीच्या मशिनी बंद ठेवून बायका आल्या होत्या, असं गावात पहिल्यांदाच घडत होतं. चाळीस-पन्नास जणी असतील. जैनबनं वाटेत मला थांबवलं.

"बाई, आज काय बी मागा," ती म्हणाली. "रडा, शिव्या द्या. पन त्यो शबुद तोंडातनं काडू नका. आन घ्या माझी."

"घेतली शपथ," मी म्हणाले.

खिडकीची फट दोन बोटांची झाली होती. पाच वाजायला पंधरा मिनिटं होती. आतल्या माणसापुढं दोन ढीग होते, आणि उजवीकडच्या ढिगाखाली लाल फडकं आधीच अंथरलेलं होतं. त्यानं तेजूचं मनगट पाहिलं, नंबर वहीत शोधला आणि मान हलवली.

तेवढ्यात फटीतून एक हात बाहेर आला. सपाट, कडांना वळलेला. बोटांच्या पेरांवर सुतानं पडलेल्या जुन्या चिरा होत्या. कांडी भरणाऱ्या प्रत्येकीच्या हाताला असतात तशाच, पण मी तो ओळखला. तो फळीवर चाचपडत राहिला. तेजूनं आपली बोटं पुढं केली. त्या हातानं तिला ओढलं नाही. झोपलेल्या मुलाला ताप तर नाही ना हे बघावं, तसा तो तिच्या बोटांवर फिरला आणि थांबला.

मग तेजूचा हात आपणहून आत जाऊ लागला. मनगट गेलं, शिक्का गेला. मी तिचा दंड दोन्ही हातांनी धरला.

"जोडताय की नाही?" आतला माणूस म्हणाला. "वेळ होत आली."

मागं बायका उभ्या होत्या. त्या माझ्या तोंडाकडं बघत असणार, नेहमी बघतात तशा. मला नाही म्हणायचं होतं. दोघींना परत द्या, म्हणायचं होतं. एक खोली आणि एक बाई द्या, एवढं तरी म्हणायचं होतं, ते तर मला पाठ होतं. कोपर फटीशी पोचलं होतं. मी तोंड उघडलं.

"पोच?" मी म्हणाले.

काचेत मला मागं उभ्या जैनबचा चेहरा दिसला. तिनं डोळे मिटून घेतले.

आतल्या माणसानं पहिल्यांदाच मान वर केली. शिक्का शाईच्या पॅडवर दोनदा दाबला आणि उचलून धरला.

"आता दुसरी प्रत नाही," तो म्हणाला. "तुमच्या हातावरच देतो. हात पुढं करा."

माझ्या दोन्ही हातांत तेजूचा दंड होता.